दहा वेळा गाळलेली

४ मार्च

ती. स्व. साडूभाऊंना सा. न. वि. वि.

पाकीट पाहून तुम्ही म्हणाल, फोनवर दोन मिनिटं बोलायला कंटाळणारा हा गडी पत्र कसला लिहितोय! पण ही गोष्ट फोनवर सांगायची नाही. तुम्ही मध्येच हसाल आणि माझी गाडी रुळावरून घसरेल. शिवाय शास्त्राचं काम कागदावर असावं, हे तुम्हीच औषधाच्या दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असता.

तर ऐका. आमच्या यार्डातल्या वेल्डरने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं की स्वस्तातली दारू पाण्याच्या फिल्टरमधून चार वेळा गाळली की महागडीच्या तोडीची होते. सगळे त्याला हसले. मी नाही हसलो. घरी आलो, ओट्यावरचा फिल्टरचा जग उचलला (तोच, ज्यात कोळशाचे दाणे भरलेली डबी बसते) आणि माझी नेहमीची बाटली त्यात ओतली. पहिल्या गाळणीला काही फरक नाही. दुसरीनेही घसा खरवडलाच. मग तुमच्या मेहुणीने जग माझ्या हातातून ओढून घेतला, म्हणाली की डबी इतकी घाण ठेवून काय डोंबल गाळलं जाणार, आणि दर वेळी डबी विसळून पुढच्या दोन गाळण्या तिने स्वतः केल्या. साडूभाऊ, चौथ्या गाळणीचा घोट घशाखाली कधी गेला कळलंसुद्धा नाही! तोंड वाकडं करायची मी तयारी करून बसलो होतो, ती वाया गेली.

तेव्हापासून गाळायचं खातं तिच्याकडे. बाटली दिसली की जिच्या कपाळाला आठी पडायची, ती आता संध्याकाळी आपणहून विचारते की आज किती वेळा गाळू. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं सहकार्य पाहिलं नव्हतं.

आता कामाचं. बारा मे रोजी आमची वार्षिक मेडिकल आहे. गेल्या वर्षी डॉक्टरने मला हात पुढे करायला लावले आणि बोटांवर कोरा कागद ठेवला. कागद थरथरायला लागला. मी म्हटलं, पंख्याचा वारा आहे. डॉक्टर म्हणाला, पंखा बंद आहे. त्या वेळी त्याने सोडून दिलं, पण ह्या वर्षी कागद हलला तर मला क्रेनवरून खाली उतरवतील. इतकी वर्षं केबिनमध्ये बसून अख्खं यार्ड पायाखाली पाहिलेला मी, फाटकापाशी बसून गाड्यांचे नंबर विचारीन? वेल्डर म्हणतो, हात कापतात ते दारूने नव्हे, तिच्यातल्या घाणीने. हे खरं असेल तर माझी केबिन वाचली!

तुमच्याकडे औषधं पोचवणाऱ्या गाडीबरोबर दोन बाटल्या पाठवतोय. लाल दोरा बांधलेली गाळलेली, दुसरी जशीच्या तशी. तपासा आणि खरं काय ते लगेच कळवा. ताईंना नमस्कार.

तुमचा लोभ आहे तसाच राहू द्या, तो गाळू नका.

आपला,
साडू


१६ मार्च

प्रिय क्रेनबहाद्दर यांस, स. न. वि. वि.

बाटल्या पोचल्या. गाडीवाल्याने डोळे मिचकावून दिल्या, त्यामुळे आता गल्लीत माझी जी काय अब्रू उरली आहे तिचं श्रेय तुम्हाला.

आधी कबूल करतो, तुमचं पत्र वाचून मी पोट धरून हसलो. पण शास्त्र म्हणजे शास्त्र. दोन्ही बाटल्यांतली दारू सारख्याच पेल्यांत ओतली, कुठली कुठली ते फक्त मला ठाऊक. चाखायला बसवले आमच्या शेजारचे शिंपी आणि तुमच्या ताई. हो, ताई! नको नको म्हणत बसल्या आणि पेला मात्र खाली ठेवायला तयार नव्हत्या. दोघांनीही क्षणाचाही विचार न करता तुमच्या लाल दोऱ्याकडे बोट दाखवलं. शिंपी म्हणाले, ही पाहुण्यांना द्यायची आणि ती दुसरी कपड्यावरचे डाग काढायची. खरं सांगतो, मलाही चेव चढला. एवढं आयुष्य औषधांत गेलं आणि असला शोध साडूने लावावा!

मग मी त्याच दुकानातून त्याच कंपनीची बाटली आणली, नवा फिल्टर आणला आणि चार वेळा गाळून तोच खेळ पुन्हा मांडला. आणि इथे घोडं अडलं. कोणालाच फरक सांगता येईना. ताईंना वास जरा कमी वाटला, बस एवढंच. शिंपी तर न गाळलेलीच बरी म्हणाले. म्हणजे फिल्टरने होतं ते नाममात्र, आणि तुमच्या घरी होतं ते काहीतरी निराळंच.

आणखी एक विचित्र गोष्ट. तुमच्या दोन्ही बाटल्या सारख्याच खुणेपर्यंत भरून दुकानाच्या तराजूवर ठेवल्या. गाळलेली जड भरली! गाळल्यावर काहीतरी निघून जायला हवं, वजन वाढेल कसं? माझं डोकं चालेना. तेव्हा धाकटीला म्हणावं, तू नेमकं काय करतेस ते तुझ्या हाताने मला लिहून पाठव. तुम्ही मध्ये लुडबुडू नका. उतावळ्या माणसाच्या तोंडून पद्धत कळत नाही.

तब्येतीची मात्र थट्टा करू नका. यकृताचं औषध वेळेवर घ्या.

आहे हा स्नेह वजनात कधीच कमी भरू नये, ही इच्छा.

आपला,
साडू (मोठा, हे विसरू नये)


२२ मार्च

ती. स्व. भावजींना सा. न. वि. वि.

ह्यांनी तुमचं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि वजन जड भरल्याचं वाचताना तर टेबलावर मूठ आपटली. म्हणाले, महाग वस्तू जडच असते. मी मान डोलावली आणि आत जाऊन हे पत्र लिहायला बसले. भावजी, तुम्हाला खोटं लिहिण्यात अर्थ नाही. एव्हाना तुम्ही ओळखलंच असेल.

पहिल्या दिवशी माझ्या मनात काहीच नव्हतं, शप्पथ. डबी विसळली, पाणी पुरतं निथळू दिलं नाही, जगाच्या तळाशी थोडं राहिलं. त्यावरच मी तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा ओतलं आणि हे चौथ्याचा घोट घेऊन खुर्चीतून उडालेच. मी तिथेच उभी होते. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! दुसऱ्या दिवशी मी जरा जास्त पाणी राहू दिलं. ते जास्त खूश झाले. तेव्हापासून रोज थोडी दारू मोरीत ओतून तेवढं पाणी वाढवते आहे, लोणी लावल्यासारखं हळूच. ह्यांना वाटतं कोळशाची करामत.

तुम्हाला हसू येईल, पण मला रात्री झोप लागत नाही. गेल्या महिन्यात ह्यांच्या हुकाला लटकलेला कंटेनर हेलकावला आणि खाली उभी असलेली माणसं पळाली. कोणाला लागलं नाही. घरी येऊन हे नुसते हसत होते, पण जेवले नाहीत. क्रेन गेली तर हे मोडून पडतील, आणि क्रेन राहिली आणि हातही असेच राहिले तर दुसरंच कोणीतरी जाईल. मी भांडून पाहिलं, रडून पाहिलं, बाटल्या लपवून पाहिल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी लागू पडतंय. तेही विसळण्याने!

एकच विचारायचं आहे. किती भराभर वाढवू? आणि ह्यांना सांगू नका हो. ताईला सांगितलंत तरी चालेल, तिच्या पोटात राहतं.

माझ्यावर रागावू नये, आणि रागावलात तरी आधी उत्तर लिहावं.

आपली,
धाकटी


२७ मार्च

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

रागावतो कशाला? तुझं पत्र वाचून दुकानात एकटाच टाळ्या वाजवत होतो. गिऱ्हाइकाने विचारलं, लॉटरी लागली का? म्हटलं, त्याहून मोठं.

दारू पाण्यापेक्षा हलकी असते, म्हणून तुमची बाटली जड भरली. एवढी साधी गोष्ट मला सुचू नये! कारण घरात कोणी पाणी घालत असेल हे मनातच आलं नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

आता नीट ऐक. एकदम तोडू नकोस. रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात थांबवली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेततं. हळूच, आठवड्या-आठवड्याने. घाम फुटला, उलट्या झाल्या, बडबड सुरू झाली तर सोंग पुरे, सरळ दवाखाना गाठ आणि मला बोलव. पाणी वाढवायला कारण हवं म्हणून मी त्याला लिहितो की दर आठवड्याला एक गाळणी वाढवावी, असं शास्त्र सांगतं. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं खोटं शास्त्र. ताई म्हणते, पहिलं कसलं!

धीर धर. तुझ्या पाठीशी आम्ही दोघं आहोत, हे विसरू नकोस.

तुझे,
भावजी


२८ एप्रिल

ती. स्व. साडूभाऊंना सा. न. वि. वि.

दहावी गाळणी! तुमचा सल्ला म्हणजे सोन्याची खाण. दर आठवड्याला एक वाढवत वाढवत, कधी माझ्या हट्टापायी दोनही, आम्ही दहावर पोचलो आणि काय सांगू, दुधाची तहान दुधानेच भागते आहे! लिंबू पिळून दोन पेले घेतो, ढाराढूर झोपतो आणि गजराच्या आधी उठतो. मध्ये एक आठवडा वाईट गेला. घाम यायचा, चिडचिड व्हायची. तुमच्या मेहुणीने थोडे दिवस गाळणी वाढवली नाही, मग ठीक झालं. आता सकाळी अशी भूक लागते की ती म्हणते, एवढं खाणारा माणूस परवडणार नाही.

आणि हात! काल रेषांच्या आत कंटेनर असा टेकवला की आवाजसुद्धा झाला नाही. सुपरवायझरने खालून अंगठा वर केला. हा माणूस अंगठा वर करत नाही हो, पगारवाढ मागितली की दाखवतो फक्त!

वेल्डर मात्र हिरमुसला आहे. त्याने घरी दहा वेळा गाळून पाहिली, ढिम्म फरक नाही. मी त्याला म्हटलं, आमच्या घरी करणारीच्या हाताला गुण आहे. आता तो मागे लागलाय की वहिनींनी एकदा करून दाखवावं. तुमची मेहुणी ऐकायला तयार नाही, म्हणते माझी पद्धत मी कोणाला दाखवणार नाही. एवढी घमेंड तिच्यात कुठून आली कळत नाही.

मेडिकलला दोन आठवडे उरले.

आमची आठवण येत असेल तर येऊन जा, नुसतं शास्त्र पाठवू नका.

आपला,
साडू


१४ मे

ती. स्व. साडूभाऊंना सा. न. वि. वि.

पास! पास! पास! डॉक्टरने बोटांवर कागद ठेवला आणि तो हलेचना. त्याने वाकून पाहिलं, कागद बदलला, डावा हात झाला, उजवा झाला. शेवटी म्हणाला, औषध कुठलं घेतलंत? मी म्हटलं, घरगुती आहे.

ह्या आनंदात घरी आलो आणि ठरवलं की आता वेल्डरला पुरावाच द्यायचा. ही शेजारी बातमी सांगायला गेली होती. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर काढला. एका बाटलीत न गाळलेली, एकीत कालची उरलेली गाळलेली, आणि तुमच्यासारखं चोख करावं म्हणून तिसरीत नळाचं पाणी. तिन्ही सारख्याच खुणेपर्यंत. साडूभाऊ, गाळलेली आणि पाणी, दोन्हींचं वजन एकच भरलं. मी पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. वजनाच्या बाबतीत मला फसवता येत नाही, पोट त्याच्यावर भरतो मी.

खोटं नाही सांगत, डोक्यात सणक गेली. तुमची पत्रं काढून वाचली. दर आठवड्याला एक गाळणी! वा रे शास्त्र! म्हणजे घरात मी एकटाच गाढव, आणि बाकीचे सगळे मला हाकत होते. काटा तसाच हातात घेऊन बसलो होतो आणि ही परत आली. मला न बघताच संध्याकाळची तयारी म्हणून जग घेऊन नळापाशी गेली. मग वळली आणि तिला काटा दिसला.

जग तिच्या हातात असा कापत होता की पाणी ओट्यावर सांडत होतं. कागद ठेवून बघायची गरज नव्हती. हे हात मार्चपासून रोज संध्याकाळी असेच कापत असणार, आणि मी रोज सकाळी उठून माझेच हात बघत होतो. राग कुठे गेला मला कळलं नाही. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

जग मी तिच्या हातातून घेतला, नळाखाली धरला आणि भरला. दोन पेले भरले. लिंबू तिने पिळलं. आम्ही समोरासमोर बसून प्यायलो आणि मग जे हसत सुटलो ते शेजारीण दार वाजवून विचारायला आली.

हे सगळं लिहिलं, पण एक गोष्ट राहिली. ती न गाळलेली बाटली अजून घरात आहे. तिच्याकडे बघवत नाही आणि तिच्यावरून नजरही हटत नाही, हे फक्त तुम्हाला सांगतो. रविवारी या आणि ती घेऊन जा. तोवर बाटली तुमच्या मेहुणीच्या ताब्यात, आणि मीही.

येताना ताईंना आणा. तुमच्यावर रागवायचं आहे, ते समोर बसवूनच जमेल, म्हणून लवकर या.

आपला,
साडू