रांग निघाली सारागोसा बघायला

तोरेबेर्मेहा,
रविवार, चर्चमधून आल्यावर, चुलीवर चण्याचं भांडं चढवून

ती. वन्सं कासिल्दाबाई यांना धाकटी भावजय लेओकादिया हिचा वाकून नमस्कार. खांबावर उभ्या असलेल्या पिलारमाउलीच्या कृपेने इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमच्या बंधूंची कंबर हवा बदलली की दुखते, आणि कोणी काम सांगितलं की जरा जास्त दुखते, पण जेवण व्यवस्थित आहे. डुकरीण व्यायली, नऊ पिल्लं झाली, सगळी जगली. तुमचे डोळे कसे आहेत ते विचारत नाही, कारण त्यांच्यासाठीच हे पत्र. शेजारच्या उर्सुलाबाईंनी ते तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावं ही विनंती. (उर्सुलाबाई, तुम्हालाही नमस्कार. कंसातलं फक्त तुमच्यासाठी, ते मनात वाचा. वन्संचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगू.)

मंगळवारी तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. तुम्ही त्या सज्जन डॉक्टरांना ठणकावून सांगितलंत म्हणे, की सारागोसाच्या चर्चमधल्या माउलीच्या मूर्तीच्या उंचीएवढी फीत मनगटाला बांधल्याशिवाय आणि घरातल्या कोणीतरी माझ्या डोळ्यांसाठी माउलीच्या खांबाला ओठ टेकवल्याशिवाय मी त्या टेबलावर आडवी होणार नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात तर डावाही त्याच वाटेने जाईल. तुम्ही म्हणालात, जाऊ दे. (हट्ट हा तुमच्या माहेरचा गुण, वन्सं. हे वाचू नका हो, उर्सुलाबाई.) म्हणून काल तुमच्या बंधूंनी मला सारागोसाला जाणाऱ्या गावच्या सहलीच्या बसमध्ये बसवलं आणि काच खाली करायला लावून म्हणाले, "फीत आणि ओठ, दोन्ही झाल्याशिवाय घरी येऊ नकोस." मी म्हटलं, "मग रात्रीचं जेवण कोण करणार?" तेव्हा ते म्हणाले, "बरं, ये, पण करून ये."

फीत मी चौकात उतरल्या उतरल्या घेतली. निळ्यातली, कारण लाल रंग धुतला की पसरतो. ती या पत्रासोबत आहे. राहिला खांब. बसचा ड्रायव्हर म्हणाला होता, सहाला निघणार, माउली स्वतः येऊन थांब म्हणाली तरी निघणार. पाद्रीबाबा आनिसेतो आपल्या जुन्या मित्राकडे गेले ते संध्याकाळीच उगवले. आम्ही तीसेक बायका, नदीवरून येणारा बोचरा वारा, आणि प्रत्येकीच्या पिशवीत बटाट्याचं ऑम्लेट.

चर्चच्या दारात बघते तर माणसं अशी विखुरलेली. कोणी बाकावर, कोणी पायऱ्यांवर, कोणी कबुतरांना पाव घालतंय. म्हणजे रांग नीट लागलेली होती. खाटकाकडे, दवाखान्यात, पापांच्या कबुलीला आपण विचारतो तसं मी चांगलं मोठ्याने विचारलं, "शेवटचं कोण?" सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेल्या एका म्हातारीने हनुवटीने दाखवलं. हनुवटीच्या सरळ रेषेत एक परदेशी उभा होता. खांबाएवढा उंच, अर्धी चड्डी, गळ्यात कॅमेरा, नाक उन्हाने टोमॅटोसारखं. मी जवळ जाऊन विचारलं, "शेवटचे तुम्हीच का हो?" त्याने मान डोलावली आणि गोड हसला. झालं. तो माझ्यापुढचा, मी त्याच्यामागची. मग पाववाल्याची प्रिमितिवा आली, "शेवटचं कोण?" मी म्हटलं, "मी." तिच्यामागे तिची जाऊ, जावेमागे पोस्टवाली, अशी पाच मिनिटांत आमची सबंध बस एकमेकींना अडकली आणि आम्ही निश्चिंतपणे सावलीला बसलो. एकामागे एक चिकटून उभं राहायचं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांवर विश्वास नसलेल्यांनी.

इतक्यात त्या बापड्याने नकाशा घडी करून खिशात घातला आणि चालू पडला.

आता जाण्यात गैर काही नाही. आपणही नंबर लावून मीठ आणायला जातोच की. पण वन्सं, हा परदेशी! याला परत यायचं कळेल का? आणि तो हरवला तर माझा नंबर कुठे लटकणार? तुमचा डोळा त्या अर्ध्या चड्डीला बांधलेला होता म्हणा ना. मी पिशवी उचलली आणि निघाले. मी निघाले हे बघून प्रिमितिवा उठली. तिचा माझ्यावर विश्वास नाही. (माझाही तिच्यावर नाही, मागच्या नाताळात तिने पावात काय भरलं ते मला ठाऊक आहे.) तिच्यामागे जाऊ, जावेमागे पोस्टवाली.

तो गेला जुन्या कॅथेड्रलकडे. विटांची नक्षी बघत थांबला, आम्ही थांबलो. त्याने फोटो काढला, आम्ही केस सारखे केले. तिथून रोमन लोकांच्या पडक्या भिंतीकडे, तिथून दगडी पुलावर. पुलाच्या मध्यावर त्याने सहज मागे वळून पाहिलं आणि बिचाऱ्याचं टोमॅटोसारखं नाक एकदम लसणासारखं पांढरं झालं. त्याने पावलं उचलली. आम्हीही उचलली. पुलावर गळ टाकून बसलेला एक म्हातारा प्रिमितिवाच्या जावेला विचारतो, "ताई, काय वाटतायत हो पुढे?" ती म्हणाली, "ते पुढे गेल्यावर कळेल." म्हाताऱ्याने गळ गुंडाळला. "मग शेवटचं कोण?" आणि घुसला की रांगेत, बादलीतल्या माशांसकट! त्याच्यामागे दोन शिपाई, एक नवविवाहित जोडपं, आणि आपल्या मुलीला पियानोच्या शिकवणीला नेणारी एक बाई. सारागोसाची माणसं फार मिळून मिसळून वागणारी, हे मात्र खरं.

तो दमून एका गल्लीतल्या दारूच्या दुकानात शिरला. आता नंबर बाहेर ठेवायचा की आत? मी आत गेले. मालकाने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्यामागे खांद्यावर शाली घेतलेल्या बायांची माळ पाहिली, आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे पोरा, आईला आणि मावश्यांना घेऊन फिरतोस! असा मुलगा आजकाल मिळतो कुठे!" आणि भराभर ग्लास भरले. व्हिनेगरमधले मासे, ऑलिव्ह, सगळं आलं. परदेशी हात हलवून नाही नाही म्हणत होता, मालक म्हणाला, "लाजू नकोस रे, आईपुढे कसली लाज!" मी फक्त अर्धा ग्लास घेतला, तोही आंबट तर नाही ना, एवढं चाखायला. (दोन घेतले. उन्हं होती.) माझे पैसे मी गल्ल्यावर ठेवले. प्रिमितिवाने नाही ठेवले. मग पुलावरच्या म्हाताऱ्याने बादलीतले मासे तिथेच तळायला दिले, एका शिपायाने खोता हे आपलं नाचाचं गाणं गायला सुरुवात केली, आणि पोस्टवाली टेबलाभोवती नाचली. गुडघे दुखतात म्हणून जी चर्चमध्ये कधी गुडघे टेकत नाही, ती पोस्टवाली.

या गोंधळात परदेशी मागच्या दाराने सटकला. "नंबर पळाला!" म्हणून मी ओरडले, तेव्हा अख्खं दुकान बाहेर पडलं. मालकसुद्धा. त्याला वाटलं पोरगा आईला टाकून पळाला.

आम्ही त्याला अरबांच्या राजवाड्यात गाठलं. दारावरच्या पहारेकऱ्याने आम्हाला अडवलंच नाही. तो म्हणाला, "तुमचा गाईड केव्हाचा आत गेलाय, काकू, लवकर जा." आत काय सांगू वन्सं, कमानींवर दगडाची अशी लेस विणली आहे की आपल्या वेदीवरचं कापड पोतेरं वाटावं. सिंहासनाच्या दालनात तो भिंतीला पाठ लावून उभा होता. पळायला दार नाही. समोर आम्ही साठसत्तर जण. अखेर त्याने एक हात वर केला आणि छताकडे बोट दाखवून त्याच्या भाषेत काहीतरी बोलायला लागला. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. छत सगळं सोनेरी, लाकडात कोरलेली अननसासारखी फळं लोंबतायत. "आहा!" म्हटलं आम्ही. त्याने खिडकी दाखवली. "आहा!" दालन संपेपर्यंत तो रंगात आला होता. मी मात्र एवढ्या उंचावरची कोळिष्टकं कोण काढत असेल याच विचारात.

शेवटी त्याची भाषा येणारी ती पियानोवाली मुलगी पुढे झाली. "हा विचारतोय, माझ्याकडून तुम्हाला काय हवंय?"

मी म्हटलं, "त्याला सांग, काही नको बाळा. तू फक्त माझ्यापुढे आहेस."

मुलीने खांबाचं सांगितलं, तुमच्या डोळ्यांचं सांगितलं, रांगेचं सांगितलं. तेव्हा कळलं, तो तर कशाच्याच रांगेत नव्हता! नुसता उभा होता. म्हातारीच्या हनुवटीला त्याच्यामागची फुगेवाली दाखवायची असणार. हे ऐकून तो खाली बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग घड्याळ बघून ताडकन उठला, कॅमेऱ्याचा पट्टा हातात उंच धरला आणि मिरवणुकीतल्या ध्वजवाल्यासारखा पुढे निघाला. आम्ही मागे. चौकात पोचलो तेव्हा आमची बस भोंगा वाजवत होती. वाजू दे म्हटलं, रिकामी कुठे जाणार.

चर्चमध्ये खांबाजवळ फक्त तीन बायका होत्या. एक गुबगुबीत बाई मध्ये घुसायला लागली, तर त्या पोराने लांब हात आडवा धरला आणि मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणाला, "माफ करा. मी. मग ही काकू." शिकला बघा! तो वाकला, ज्यातून खांब उघडा दिसतो त्या भिंतीतल्या खळग्यात कपाळ आपटलं, आणि त्याने ओठ टेकवले. मग मी टेकवले.

तेव्हा वन्सं, फीत आली, ओठ टेकले, आता मंगळवारी निमूट टेबलावर आडव्या व्हा. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, मुलांना पापे.

तुमची भावजय,
लेओकादिया

ता. क. देवाला खोटं चालत नाही म्हणून लिहिते. खांबाला ओठ टेकवताना मला इतकं हसू येत होतं, आणि ते पोर त्याच्या आईकडे सुखरूप पोचावं असं इतकं मनापासून वाटलं, की मी तेवढंच मागितलं. तुमच्या डोळ्यांची आठवण मला बसमध्ये झाली, घाट लागल्यावर.

ता. क. दुसरा. उर्सुलाबाई, वरचा ता. क. कंसात टाकायचा राहिला. तो मोठ्याने वाचू नका.

ता. क. तिसरा. वाचला असेलच. मग वन्सं, रागवा, पण ऐका. तुमचं मागणं तुम्हीच मागा, मला तुमच्याइतकं ठणकावून मागता येणार नाही. ऑक्टोबरच्या सहलीत मी माझ्याशेजारची जागा तुमच्या नावाने घेऊन ठेवली आहे. खिडकीची आहे. पैसे भरले आहेत, ते परत मिळत नाहीत, आणि न दिसणाऱ्या बाईला खिडकीची जागा देऊन मी पैसे वाया घालवणार नाही. मंगळवारी आठ वाजता तुमचे बंधू तुम्हाला दवाखान्यात न्यायला येत आहेत, कंबरेसकट.