वाक्याचा उंबरा

बाई, मी तुमच्या भिंगारच्या घरी भाकरी करायला येत होते ती. ओळखलंत ना? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या शिकवणीतल्या पोरांची पोरंसुद्धा आता टक्कल पडायच्या वयाला आली असतील. हे मी बोलतेय आणि माझी थोरली नात लिहितेय. ती कॉलेजात शिकते, म्हणून मी 'हाय' म्हटलं की 'आहे' लिहिते आणि 'लई' म्हटलं की 'खूप'. मी म्हटलं, "मी कशी बोलायची ते बाईंना ठावं हाय, तू कशाला मला पावडर लावतीस?" तर म्हणते, "आज्जे, पत्रात माणसानं जरा नीट दिसावं." दिसू दे बापडी. मला आज भांडायला स्वस्थता नाही. सकाळपासून अंगण दोनदा झाडून झालंय. सून म्हणते, "आत्याबाई, बसा की एका जागी, पायाला भिंगरी लागली का?" म्हणून बसलेय, आणि बसलेय म्हणून बोलतेय.

तुमचं स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये एक दार होतं आणि ते कधी नीट लागत नव्हतं. माझं सगळं शिक्षण त्या फटीतनं झालं. संध्याकाळी लष्करातल्या कारकुनांची पोरं सतरंजीवर बसायची आणि आत मी परात पुढ्यात ओढायचे. तुमचं एक खूळ होतं. इंग्रजी वाक्याला आधी उंबरा पाहिजे, असं तुम्ही म्हणायचात. कधी, कुठं, ते दोन-तीन शब्दांत सांगायचं, आवंढा गिळण्याइतकं थांबायचं आणि मग घरात शिरायचं. 'इन द मॉर्निंग,' म्हणून तुम्ही थांबायचात. 'आफ्टर लंच,' म्हणून थांबायचात. 'बिहाइंड द हाउस,' म्हणून थांबायचात. सकाळी, जेवण झाल्यावर, घराच्या मागं, हे तुम्ही आधी मराठीत सांगून ठेवलेलं असायचं. पुढचं पोरांनी आपल्या मनानं पुरं करायचं. एखादा न थांबता सुसाट सुटला की तुम्ही ओरडायचात, "अरे, फाटक पडलंय, थांब की जरा!" तुम्ही थांबलात की मी तव्यावरची भाकरी उलटायचे. एकही करपली नाही, खरं की नाही?

पण तुमचा आवाज खणखणीत आणि पोरांचा मिणमिणता. त्यामुळे आत यायचे ते नुसते उंबरे. घरं बाहेरच राहायची. पाच वर्षांत मला चाळीसेक उंबरे पाठ झाले आणि घर एकही नाही.

मी तर मराठीतसुद्धा उंबऱ्यातच बसायचे म्हणा. एकदा बाजारातनं आले आणि तुम्हाला सांगायला लागले, "काल सकाळी, बाजारात, तेलवाल्याच्या पल्याड, ती तिरळी भाजीवाली बसती न्हवं, तिच्या शेजारी..." तुम्ही हात जोडलेत. "अगं, उंबरा एवढा मोठा केलास तर माणूस अडखळून पडेल! झालं काय ते सांग." झालं काय होतं? कोथिंबीर महागली होती. तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून पुसावा लागला.

आता मी राहात्याला थोरल्या मुलाकडं असते. धाकटा परदेशात आहे, आणि त्याची सहा वर्षांची पोरगी फक्त इंग्रजी बोलते. दर रविवारी मोबाईलवर तिचं तोंड दिसायचं, मी "काय गं माझे राणी" म्हणायचे आणि ती पळून जायची. दोन वर्षं मी तिची पाठच बघितली. मग एका रविवारी, काय सुचलं कोण जाणे, ती वळायच्या आत मी म्हटलं, "इन द मॉर्निंग," आणि तुमच्यासारखी थांबले. ती पण थांबली. परत आली, मोबाईलला नाक लावलं आणि लांबलचक काहीतरी सांगितलं. मी म्हटलं, "आफ्टर लंच," तर आणखी सांगितलं. तेव्हापासून आमचं जमलं. मी उंबरा टाकायचे, ती घर बांधायची. ती काय बोलते ते मला एक अक्षर कळायचं नाही, पण तिच्या भुवयांवरनं गोष्ट हसायची की रडायची ते कळायचं. इकडं थोरला चारचौघांत सांगत सुटला, आमच्या आईला इंग्रजी येतं. मी नाही म्हटलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं नीट.

बाई, ती सगळी इथं आली आहेत. नऊ दिवस झाले. पहिले पाच दिवस पोरगी माझ्या मांडीवरनं हलली नाही. सहाव्या दिवशी उठून समोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "नाऊ यू, आज्जी." मग म्हणाली, "आफ्टर लंच," आणि थांबली. घरातली सगळी माझ्याकडं बघतायत. थोरला तर असा बघतोय जशी मी आता भाषणच ठोकणार आहे. अंगणात कोंबडी पण नव्हती आणि मी "हाड् हाड्" करत उठून गेले. त्यानंतर तीन दिवस ती माझ्याकडं फिरकली नाही. हिला, ही लिहितेय तिला, तिनं विचारलं म्हणे, आज्जी माझ्यावर रागावली का? शनिवारी ती जाणार. आज गुरुवार आहे.

तीन दुपारी मी डोळा मिटलेला नाही. आणि दर दुपारी डोळ्यापुढं तुम्ही. तुम्हाला आठवत असेल, एका संध्याकाळी शिकवणी चालू असताना तुम्ही आत डोकावलात. "ये, बाहेर बस. तुला निम्मं येतंय, बाकीचं मी देते. पोरं आहेत गं, वाघ नाहीत." मी म्हटलं, "दूध ठेवलंय बाई, उतू जाईल." तुम्ही दारात उभ्या राहिलात, चुलीकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत, आणि गेलात. परत कधी हाक मारली नाहीत. चुलीवर दूध नव्हतं. पातेलं घासून पालथं घातलेलं होतं आणि ते तुम्हाला दारातनं दिसत होतं. आठ-आठ वर्षांच्या पोरांपुढं मला येणार नाही, या भीतीनं मी त्या परातीमागं पाच वर्षं लपले.

मघाशी जेवणं झाल्यावर मी हिला म्हटलं, "त्या पोरीला हाक मार. सांग तिला, आज्जीला पुढचं येत न्हाई."

"खरंच सांगू?" ही म्हणते. "बाबा पण बसलेत तिथं."

"बसू दे. सांग."

हिनं सांगितलं. थोरल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पोरगी मात्र हसली नाही. तिनं मान वाकडी करून मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग माझ्या शेजारी पाय पसरून बसली आणि शिकवायलाच लागली. "आफ्टर लंच," थांबली, "आय स्लीप." मी म्हटलं, "आय स्लीप." तिनं बोट हलवलं, पहिल्यापासून म्हण. तुमच्यापेक्षा कडक आहे हो. मग 'इन द मॉर्निंग, वी ईट.' 'ऑन संडे, वी गो होम.' ही मला मधेमधे अर्थ सांगत होती. तासाभरात माझी तीन घरं बांधून झाली आणि पोरगी परत मांडीवर.

ही विचारतेय, पत्र संपलं का, आणि पत्ता काय लिहू. तुमच्या घरात आता कोण राहतं तेही मला ठाऊक नाही. घडी करून माझ्या लुगड्यांत ठेव म्हटलं. पण संपलेलं नाही, एक राहिलं. शेवटी पोरगी मांडीवर पडल्या पडल्या म्हणाली, "ऑन सॅटर्डे," म्हणजे शनिवारी, आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबली. मी मान हलवली, येत न्हाई म्हटलं. ती खिदळली आणि तिनं स्वतःच पुरं केलं, "वी गो होम."

बाई, ते मला येत होतं.