मंगळाच्या पाण्याचा अकरावा दगड

भडगाव, गुरुवार दुपार

तीर्थस्वरूप भिकुअक्कास,

पुनाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (गुडघा वाकत नाही, म्हणून उभ्यानंच ठेवलं असं समज.) आम्ही इकडे सगळे धड आहोत, तुम्ही तिकडे साक्रीत धड असाल. तुझी साखर उतरली का, म्हैस व्याली का, जावयाचं दुकान उघडलं का, हे तीन प्रश्न तुझ्या भावजयीनं, मंजुळेनं विचारायला सांगितलेत. ते विचारून झाले. आता कामाचं लिहितो.

मंगळवारी वर्षाचे ज्वारीचे बिबडे लुगड्यांवर थापून तू अकराच्या गाडीनं निघालीस, त्यानंतर इथे जे झालं ते तुला कळायला पाहिजे, कारण तू घरातली थोरली. नवलची हेमांगी, तुझी भाची, पुण्याहून कशाला आली असं तू विचारलंस, ती म्हणाली दगड पाहायला, आणि तू म्हणालीस, पुण्यात दगड संपले का. (बरोबर विचारलंस.) पण पुढचं ऐकून न घेता तू बिबड्यांचा घाटा ढवळायला गेलीस, म्हणून पुढचं मी सांगतो. ती अभ्यास करते मंगळाचा. तो तांबूस तारा. (तारा नाही, ग्रह. मी दोनदा चुकलो, तिनं दोनदा सांगितलं.) तिथे अब्जावधी वर्षांपूर्वी पाणी वाहत होतं, तळी होती. आता सगळं कोरडं. पण पाणी ज्या दगडात मुरतं त्यात खूण ठेवून जातं. कुठे दगडाची चिकणमाती करतं, कुठे भोकांत पांढरे खडे धरवतं. तिथले दगड हातात आणायची सोय नाही, यंत्रं नुसती मोजमापं धाडतात. मग आपल्याकडचा तसाच काळा दगड घ्यायचा, पाण्यानं त्यात काय काय केलं ते तपासायचं आणि तिकडच्या मोजमापाशी ताडून बघायचं. मी म्हटलं, पोरी, एवढंच ना. मी एक्केचाळीस विहिरी खोदल्या. वर मुरूम, खाली काळा, मग भोकाभोकांचा, मग लाल गेरू, आणि गेरू लागला की त्याच्या माथ्यावर पाणी थांबलेलं असतं. हे मी चौथी नापास असून सांगतो, त्याला आकाशात यंत्र कशाला. ती हसली नाही. तिनं वही काढली आणि लिहून घेतलं. (अक्का, माझं बोलणं लिहून घेणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बारा वर्षं बोललो, कुणी पेन उघडलं नाही.)

तर रविवारी गाळ उपसायची यारी लावून ती आपल्या मळ्यातल्या कोरड्या विहिरीत उतरली. डोक्यावर लोखंडी टोपी, कमरेला दोर, हातात हातोडी. ती विहीर मी पंच्याऐंशी फुटांवर रागानं सोडली होती, हे तुला माहीत आहे. तिथे कोणी एवढ्या आनंदानं उतरेल असं वाटलं नव्हतं. चोवीस ठिकाणांहून तिनं चोवीस दगड काढले, वरून खाली आकडे दिले. त्यातला अकरावा सगळ्यात मोलाचा, गेरूच्या बरोबर माथ्यावरचा, भोकाभोकांचा, आणि भोकांत पांढरे खडे चमकणारे. तसला तुकडा कपारीत एकच होता. परत उतरावं तर यारीवाला सोमवारीच यारी घेऊन पारोळ्याकडच्या कामाला गेला, तो पंधरा दिवस येत नाही. दगड ओलसर होते, म्हणून तिनं मंगळवारी पहाटे ते घरावरच्या धाब्यावर सुकायला मांडले, ओळीनं, प्रत्येकाखाली आकड्याची चिठ्ठी. दगडावर शाई लावायची नाही म्हणे, शाईनं मोजमाप बिघडतं. आणि ती आणखी खडक बघायला निघून गेली.

आता बिबड्यांच्या दिवशी धाब्यावर दगड मांडलेले दिसले तर बायकांनी काय समजायचं. चाळीस वर्षं वाऱ्याला दाबायला दगड मीच आणून ठेवतो. बिबडे घालायला आलेल्या पुष्पाबाईला वाटलं, यंदा नानाला अक्कल आली, निवडून आणि ओळीत मांडून ठेवले. वारा सुटला तशी तिनं ओळ उचलली आणि लुगड्यांच्या काठांवर ठेवून दिली. चिठ्ठ्या गेल्या गिरणा नदीच्या दिशेनं. बिबडे मात्र एक नंबर वाळले, तुला डबा पाठवतोय.

हेमांगी दोन वाजता आली. मला वाटलं आरडाओरडा करेल, मग आपल्यालाही चार शब्द बोलता येतील. ती मात्र पायरीवर बसली, बुटाची नाडी सोडायला लागली आणि बराच वेळ एकच नाडी सोडत राहिली. तीन वर्षांचं काम आहे. पुढच्या आठवड्यात तिचे साहेब हे दगड यंत्रात घालणार. मी विचारलं, साहेबाला काय सांगशील. ती म्हणाली, "माझ्या हलगर्जीनं गेले असं लिहीन, नाना. घराचं नाव कशाला घ्यायचं त्यात."

मला असलं आवडत नाही. माणसानं सरळ भांडावं. मी म्हटलं, ऊठ, आण ते दगड इकडे. आणि दोघं ओट्यावर बसलो. अक्का, दगडाला हातोडीनं टिचकी मारली की तो सांगतो आपण कुठल्या खोलीचे. वरचा बद्द वाजतो, काळा टणटण वाजतो. जे वाजून कळेनात ते मी जिभेला लावले. माती धरलेला दगड जिभेला चिकटतो, नुसता दगड चिकटत नाही. मला वाटलं ही शिकलेली मुलगी तोंड वाकडं करेल, तर ती म्हणे आम्हीही असंच करतो, आणि तिनंही लावला. पुतणी आणि काका समोरासमोर बसून दगड चाटतायत, आणि पुष्पाबाई दारातून बघतेय. ती म्हणाली, "नाना, दगडले मीठ कमी शे का?" मी पुढचा दगड उचलला. दिवेलागणीपर्यंत सगळे ओळीत लागले. हेमांगीनं विहिरीत काढलेल्या अंधुक फोटोंशी ताडून पाहिलं, एकही चुकला नव्हता. आपल्या लेखात माझं नाव घालते म्हणाली. मी म्हटलं नाव नको, विहिरीचं घाल, तिनं निदान काही दिलं. (घालणार आहे ती. मी फार जोर करून नाही म्हटलं नाही.)

पण दगड झाले तेवीस. अकरावा नाही.

मग मी गल्लीत फिरलो. लताबाईकडे दाराला टेकण म्हणून एक सापडला, तो तिचाच निघाला, आणि वर ती मला चहा न देता बोलली. दुसऱ्या घरी बिबड्यांच्या गठुड्या सोडून दाखवल्या. पुष्पाबाईला तर एवढा राग आला की ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. चाळीस वर्षं तुमच्या घरी राबते, आता दगड चोरीन का, म्हणाली. आणि मग म्हणाली की मंगळवारी मोरीवर मी माझ्या डोळ्यांनी जे पाहिलं ते बठ्ठासमोर, सगळ्या गल्लीसमोर सांगू का. मी सांगू दिलं नाही. असो.

लिहिण्यासारखं एवढंच. लहानांच्या डोक्यावर हात, थोरांच्या पायावर डोकं, मधल्यांनी आपलं आपण बघावं.

तुझा धाकटा,
पुना

ता. क. पुष्पाबाई जे सांगणार होती ते माझ्या तेव्हाच ध्यानात आलं, मागून तिनं मला एकट्याला सांगितलंही, ते हे, की गाडीला निघण्याआधी तू मोरीवर पाय धुतलेस, एका भोकाभोकांच्या दगडानं टाचा घासल्यास, बाजारातल्या प्लॅस्टिकच्या वजरीला याची सर नाही म्हणालीस आणि दगड पिशवीत टाकलास. मी रागावलो नाही. तुला पारख आहे. पण तो अकरावा आहे. लताबाईचा जावई दीपक उद्या कांद्याची गाडी घेऊन साक्रीला येतोय, हे पत्र त्याच्याच हाती. दगड त्याच्याजवळ दे. धुऊ नको, साबण तर अजिबात लावू नको. हेमांगी शनिवारी सकाळी निघते. फोन केला असता, पण तुला ऐकू कमी येतं, मला ओरडावं लागतं आणि अख्खी गल्ली ऐकते.

ता. क. दुसरं. या दोन दिवसांत घासला असशील तर कुठल्या बाजूनं घासलास तेवढं चिठ्ठीत लिही. मी हेमांगीला आडून विचारलं, आतला खडा हरभऱ्याएवढा शाबूत असला तरी तिचं भागतं. बदल्यात दीपकजवळ दुसरा दगड पाठवतोय, विहिरीच्या काठावरच्या ढिगातला. माझ्या टाचेवर घासून पाहिला, चांगला चालतो.

ता. क. तिसरं. तुझं नाव इथे कुणी घेतलेलं नाही. पुष्पाबाईनं तोंड उघडलं तेवढ्यात मीच म्हणालो, "दगड मी दिला अक्काला. रिकाम्या हातानं कशी पाठवू." तेव्हापासून मंजुळा माझ्याशी बोलत नाही, पुष्पाबाई मनापासून बोलतेय, आणि हेमांगी बोलते पण वही उघडत नाही. तेव्हा दीपकला दगड देताना एवढंच म्हण, की पुनानं बळंच गळ्यात मारला होता, परत ने. जरा चिडून म्हण. दीपक ते इथे घरोघर सांगेल.