एमरीदादाची लंगडी

लाडक्या एमरीदादा,

सुखरूप पोचलो. मैदानाबाहेर अजून उकडलेल्या शेंगा मिळतात. तुझ्यासाठी आणतोय, वहिनीला सांगू नकोस.

आपल्या कॉलेजच्या बेसबॉल संघानं पुन्हा राष्ट्रीय करंडक मारला! मैदानात उतरताना सगळी पोरं चुन्याची रेघ लंगडी घालत ओलांडतात. एकाला विचारलं, "हे काय रे?"

"आजोबा, पहिल्या करंडकापासूनची प्रथा आहे!"

त्या पहिल्या करंडकाच्या वर्षी फाटक्या बुटात चुना शिरून तुझा डावा पाय पोळायचा, म्हणून तू तसा उडायचास, हे मी सांगितलं नाही. हसू मात्र आवरेना.

डॉक्टरांनी पाय कापल्यापासून तू उंबऱ्याबाहेर पडत नाहीस म्हणे. जेवतोस ना नीट?

पुढच्या मोसमात चल. इथे अख्खा संघ तुझ्यासारखाच एका पायावर मैदानात उतरतो.

तुझाच धाकटा,
डेल्विन