नोव्हेंबरची केलेली पोर

मंगळवार, २६ ऑगस्ट. प्रकाशा

दुपारी शाळेतून खेळाच्या सरांचा फोन. वैष्णवी चौदा वर्षांखालच्या खो-खो संघात बसत नाही. जन्म एक जानेवारीनंतरचा हवा, शाळेच्या नोंदीत मात्र आदला नोव्हेंबर आहे.

तो नोव्हेंबर मीच लावला. पोर खरी फेब्रुवारीची. पहिलीत घ्यायला वय भरत नव्हतं, शेजारची सगळी पोरं चालली होती, मी हट्टाला पेटले. तीन महिन्यांनी काय बिघडतंय, म्हटलं. एवढी घाई कुणाला होती, तिला की मला?

तशीच शाळेत गेले, सरांना खरं सांगून टाकलं. म्हणाले, "ताई, नोंद आता बदलणार नाही. पण सतराखालच्या संघात खेळू शकते." नववी-दहावीच्या धिप्पाड पोरी! आणि त्यांच्यापुढे ही माझी काडी. सरांनी तिला त्या मोठ्या पोरींसमोर पळतीला उतरवलं, तेव्हा मी डोळेच मिटले. उघडले तर त्या धापा टाकत होत्या, ही अजून पळतच होती. यादीत बारावं, शेवटचं नाव तिचं.

तीन महिने, फक्त तीन. घरी येऊन माफीचे शब्द जुळवत होते, तर तीच हसून म्हणाली, "माय, तूच तं मले मोठी करी टाकी. आते मोठी पोरीस्ना संगेच खेळसू."

संमतीपत्रावर पुन्हा तोच नोव्हेंबर लिहिला. शाई वाळायच्या आत तिने कागद ओढला आणि अंगणात पळाली. मी मागे धावले.

मलाही हाती लागली नाही.