चौथं कडवं

पप्पा, सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समधून आपण नाताळात कॅरोलला निघायचो, तेव्हा आपल्या घरचं ते मराठी गाणं तुम्ही कुणाला लिहून घेऊ द्यायचा नाहीत. लिहिलं की माणूस विसरायला मोकळा होतो, असं तुमचं म्हणणं. तुम्ही ओळ सांगायची, मागून पाच-सहा मराठी घरांनी ती उचलायची, आणि दारात आलेल्या पंजाबी शेजाऱ्यांनी काही न कळताही मान डोलवायची. तुमचा आवाज काही गोड नव्हता. ऑफिसात फाइल मागवायचा आवाज तोच देवदूतालाही लावायचात. चौथ्या कडव्याशी मात्र तो खाली यायचा. त्यात योसेफ गोठ्याबाहेर थंडीत उभा असतो, आत बाळ रडत असतं, आणि आपण आत जावं की नाही हे त्याला कळत नसतं. हे गाणं आजोबांनी केलं, मिशनच्या शाळेत मास्तर असताना, असं तुम्ही मफलर सावरत प्रत्येक दारात सांगायचात.

संस्कृत शिकलेल्या मुलीचं एक असतं. तिला मूळ सापडल्याशिवाय झोप येत नाही, आणि सापडलं की ती दुसऱ्यांना झोपू देत नाही. मी तेव्हा एम.ए.ला, मुनिरकात खोली घेऊन राहत होते. ग्रंथालयात एक जुनं गीतपुस्तक हाती लागलं आणि त्यात आपलं गाणं छापलेलं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: मूळ जर्मन, त्यावरून इंग्रजी, त्यावरून मराठी, भाषांतर कुणा गोऱ्या मिशनऱ्याचं. त्या वर्षी कॅरोल आटोपून सगळे आपल्याकडे जमले, करंज्यांचं ताट फिरत होतं, आणि तुम्ही पुन्हा आजोबांचं सुरू केलंत. मी मधेच म्हणाले, "पप्पा, हे आजोबांचं नाहीच. भाषांतर आहे. मी पुस्तक पाहिलंय." वर साहेबाचं वृत्त कुठे लंगडतं तेही म्हणून दाखवलं. एक काका म्हणाले, "चलो, मास्तर जर्मन निघाले." खोली हसली. तुम्हीही हसलात.

"नक्की पाहिलंस?" तुम्ही विचारलंत.

बिल्कुल, मी म्हणाले. "अच्छा," म्हणालात आणि चहाचं बघायला आत गेलात.

पुढच्या नाताळात तुम्ही त्याच काकांना ओळ सांगायला पुढे केलंत. ते छापील पुस्तक घेऊन आले. तीन कडवी झाली आणि सगळे पुढच्या दाराकडे वळले. चौथं कुणी मागितलं नाही. दुसऱ्याचं आपलं म्हणून मिरवणं तुमच्यात नव्हतं, तुम्ही मागे उभे राहून कोरसात सूर धरलात. त्यानंतर तुम्हाला दोनच नाताळ मिळाले. ते गाणं घरातसुद्धा तुमच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

आता मी गाझियाबादला असते. आमच्या मराठी उपासनेच्या पुस्तिकेत यंदा याच गाण्याचा इतिहास द्यायचं ठरलं, आणि असली कामं संस्कृतवालीकडेच येतात. म्हणून या खेपेला नीट ताडून पाहिलं. मराठीच्या दोन आवृत्त्या, इंग्रजी, अडखळत अडखळत जर्मनही. मेंढपाळ सगळीकडे आहेत, तारा आहे, गव्हाण आहे. थंडीत उभा राहिलेला योसेफ कुठेच नाही. चालही पुस्तकातली नव्हे, आपली जुन्या मराठी साकीच्या चालीकडे झुकते. म्हणजे साहेबाने तीन कडवी आणली, आणि मास्तरांनी ती आपल्या चालीत बसवून चौथं स्वतःचं जोडलं. तुम्ही खोटं बोलत नव्हता. फार तर बारा आणे चुकत होतात.

मग ते कडवं शोधायला लागले. त्या वेळच्या घरांतल्या एकच काकू उरल्यात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी पहिली तीन कडवी घडाघडा म्हटली आणि थांबल्या. म्हणाल्या, "अगं, तुझे पप्पा सांगायचे नि आम्ही म्हणायचो. पुढचं त्यांनाच ठाऊक." माझ्या मुलाला विचारण्यात अर्थ नव्हता, त्याला गव्हाण म्हणजे काय ते सांगावं लागतं. मला अर्थ आठवतो, तुमचा खाली आलेला आवाज आठवतो, शब्द एकही नाही. शेवटी चार ओळी मीच जुळवल्या. वृत्त कुठेही लंगडत नाही आणि ओळींत जीव नाही. फाडून टाकल्या. पुस्तिकेला मी लिहून दिलं: भाषांतरित गीत, कडवी तीन. चौथ्याचा पुरावा तुम्ही होतात, तो मीच गप्प केला.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी टाकलं नसतं. कारण नक्की पाहिलंस का, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी कडवी मोजलेली होती. पुस्तकात तीनच आहेत, योसेफ त्यात नाही, हे मला ग्रंथालयातच दिसलं होतं. ते सांगितलं असतं तर खोली तेवढी हसली नसती.