गुलाबी कार्डं

गुन्सान, २१ सप्टेंबर

चि. दोशिक यास अनेक आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही, त्याबद्दल माफ कर. आई गेल्यानंतरचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी होऊन आठवडा झाला. फोन हातात घेतला की रडू फुटतं, म्हणून पत्र.

सुक्या मासळीचा गाळा शेजारणीला चालवायला दिला. आईचा टॅब प्रौढ शाळेला परत करायचा आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, सावकाश द्या. एकाहत्तराव्या वर्षी प्राथमिकच्या परीक्षेला बसणारी वर्गात ती एकटीच होती. बारा दिवस आणखी मिळाले असते तर बसली असती. मी तिला अभ्यासासाठी फार दामटलं का रे?

मुळ्याची किमची पाठवली आहे. डबा परत कर. मागचे दोन अजून आलेले नाहीत.

तुझी ताई,
मिरान

*

गॉजे, २८ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

किमची पोचली. डबा धुऊन ठेवलाय, पाठवेनही एखाद्या वर्षी. दामटल्याचं मनातून काढ. तू दामटल्याशिवाय या घरात कुणी कधी वेळेवर जेवलं आहे का?

एक मागणं आहे. टॅब इतक्यात देऊ नकोस. त्यातल्या पुस्तकात आई एखादी ओळ बोटानं रंगवायची आणि त्या ओळीचं अभ्यासाचं कार्ड तयार व्हायचं. मागच्या बाजूला ती आपलं काहीबाही लिहायची. पिवळी कार्डं परीक्षेची. गुलाबी माझी. दर रविवारी दहा वाजता फोन करून त्यातलं एक मला वाचून दाखवायची. पुढे ‘मुळे पाणी शोषून घेतात’, आणि पाठीमागे, दोशिकने तिसरीत असताना कुंडीत सोयासॉस ओतला होता, झाड आठ दिवस जगलं.

फेब्रुवारीत, चांद्र नववर्षाला ती माझ्या घटस्फोटावरून बोलली. त्यानंतर मी रविवारी फोन उचलला नाही. चोवीस रविवार. ताई, शिपयार्डात खूप आवाज असतो, असं मी सगळ्यांना सांगितलं. रविवारी शिपयार्ड बंद असतं.

त्या दिवसांतली कार्डं तिथेच असतील. ती मला उतरवून पाठव. घाई नाही, पण सगळी पाठव.

तुझा,
दोशिक

*

गुन्सान, ५ ऑक्टोबर, शनिवार

चि. दोशिक यास आशीर्वाद.

हे पत्र तीनदा फाडलं. ती कार्डं नाहीत. मी पुसून टाकली.

जूनच्या शेवटी आईकडे तीनशेवर कार्डं साठली होती. परीक्षा तोंडावर आणि ही सोयासॉस लिहीत बसते, असं मला वाटलं. ती बाजारात गेली असताना मी सगळी गुलाबी काढली. संध्याकाळी तसं सांगितलं, तर तिने टॅब मिटून ठेवला. मग म्हणाली, तू कॉलेजात शिकलीस, तुला कळतं ते बरोबरच असेल. आणि माशांची डोकी काढायला बसली. त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलं आहे, ‘आईची कार्डं नीट लावून दिली. अर्धा तास.’

शाळेत विचारून आले. पुस्तकातल्या ओळी आहेत तशा आहेत, पण पाठीमागचं लिखाण परत येत नाही.

आणखी एक सांगायला हवं. पुसण्याआधी मी तीन-चार कार्डं उलटून पाहिली होती. त्यांवर तुझं नाव होतं. ती मी परीक्षेसाठीच पुसली, की तुझं नाव होतं म्हणून? मी बाजारहाट करायची, तिला दवाखान्यात न्यायची. माझ्यासाठी कोणताच रंग नव्हता. रोज स्वतःला विचारते. रोज वेगळं उत्तर येतं.

एक कार्ड मात्र उरलं आहे. मी पुसल्यानंतर, चौदा जुलैला केलेलं. तेही गुलाबीच. आलेलं कार्ड बाजूला सरकवावं लागतं. हे कुणी सरकवलं नाही, म्हणून टॅब उघडला की रोज तेच समोर येतं. पुढची ओळ भरती-ओहोटीची आहे. पाठीमागे तुझ्यासाठी एक प्रश्न आहे. तो इथे उतरवत नाही. तो फोनवर तुला वाचून दाखवायचा होता.

रागव हवं तितकं, पण मला टाकू नकोस.

मिरान

(डायरीत, त्याच रात्री) उद्याचं काम: रविवार. बरोबर दहा वाजता, आईच्या फोनवरून, दोशिकला फोन.